वाटीभर दूध

मांजर म्हटलं की दूध आलंच. मांजर डोळे मिटून दूध पितं, ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो. मुलांच्या चित्रांच्या पुस्तकात मनीसमोर वाटी असते आणि त्या वाटीत दूध असतं. आम्ही कवी मंडळीही त्यात मागे नाही. मी स्वतः एका बालकवितेत मांजरापुढे दुधाची वाटी ठेवली आहे. ती कविता आता परत घेता येत नाही. पण त्या वाटीबद्दल मला जे उशिरा कळलं, ते आज सांगणार आहे.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या गल्लीच्या तोंडाशी किराणा मालाचं दुकान आहे. तिथे पोत्यांच्या मागे एक मांजर व्यायली होती. दोन दिवस झाले तरी ती परत आली नाही. तीनपैकी दोन पिल्लं कुणी कुणी नेली. उरलेलं एक दुकानदारानं बिस्किटांच्या खोक्यात घालून माझ्या हातात दिलं. भुऱ्या रंगाचं, शेपटीला काळे पट्टे, आवाज मात्र देहाच्या दुप्पट. पावसात छत्री खोक्यावर धरून मी घरी आलो. मी भिजलो, ते कोरडं राहिलं.

आमच्या घरात अम्मीचं वय ब्याऐंशी. मांजराबद्दल तिचा नियम पक्का आहे. दारात आलेल्या मांजराला उपाशी परत पाठवायचं नाही. पैगंबरांच्या एका सोबत्याचं नाव अबू हुरैरा. त्या नावाचा अर्थच मुळी मांजरीच्या पिल्लाचा बाप. ही गोष्ट ती आम्हा भावंडांना सांगत असे, आता नातवंडांना सांगते. तेव्हा पिल्लू घरात आलं आणि अम्मीनं लगेच म्हशीचं दूध कोमट केलं, त्यात चिमूटभर साखर घातली आणि वाटी पुढे सरकवली. पिल्लानं वाटी चाटूनपुसून साफ केली. सगळ्यांना बरं वाटलं. रात्री पुन्हा दूध, सकाळी पुन्हा दूध.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला जुलाब सुरू झाले. पिवळे, पाण्यासारखे, वास असा की खोलीत थांबवेना. अम्मी म्हणाली, पोटात काही नाही, अशक्तपणा आलाय, अजून थोडं दूध द्या. आम्ही दिलं. संध्याकाळपर्यंत ते ओरडायचं बंद झालं. कोपऱ्यात पाय दुमडून, मान खाली घालून बसून राहिलं.

शेजाऱ्यांनी उपाय सांगितले. कुणी जायफळ उगाळून द्या म्हणालं. कुणी माणसांची जुलाबाची गोळी पाव करून द्या म्हणालं. खोटं कशाला बोलू, मी गोळी मोडायला घेतली होती. तेवढ्यात आमची धाकटी म्हणाली, ‘‘अब्बा, सकाळी डॉक्टरांना दाखवू. तोवर काही देऊ नका.’’ त्या रात्री पिल्लाजवळ बसून मी त्याचा श्वास मोजत होतो.

जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर होत्या, वयानं माझ्या थोरल्या मुलीएवढ्या. त्यांनी आधी पिल्लाच्या मानेमागची कातडी चिमटीत धरून सोडली. निरोगी पिल्लाची कातडी चटकन जागेवर जाते, याची सावकाश गेली. मग हिरडीला बोट लावलं. हिरडी ओलसर हवी, याची चिकट होती. याचा अर्थ अंगातलं पाणी कमी झालं आहे. पिल्लू जुलाबात दगावतं ते बहुतेकदा यामुळे, असं त्या म्हणाल्या. एवढ्याशा देहात पाण्याचा साठा तो किती असणार! त्यांनी कातडीखाली सुईनं सलाईन दिलं. खांद्यावर पाण्याचा फुगा आल्यासारखं दिसलं आणि हळूहळू जिरलं. मग त्यांनी मला विचारलं, ‘‘काका, खायला काय देता?’’

मी अभिमानानं सांगितलं, दूध.

त्यांनी समजावलं ते असं. दुधात एक साखर असते, तिला लॅक्टोज म्हणतात. ती पचवायला आतड्यात एक पाचक द्रव्य लागतं. आईच्या अंगावर पिताना ते पिल्लाच्या पोटात भरपूर असतं. साधारण चौथ्या आठवड्यापासून पिल्लू घट्ट अन्नाला तोंड लावतं, आठव्या आठवड्यापर्यंत आईचं दूध सुटतं, आणि तसतसं ते द्रव्यही कमी होत जातं. त्यात गायी-म्हशीच्या दुधात ही साखर मांजरीच्या दुधापेक्षा जास्त, आणि प्रथिनं मात्र बरीच कमी. न पचलेली साखर मोठ्या आतड्यात जाऊन आंबते, पाणी ओढून घेते, आणि जुलाब होतात. पिल्लू दूध आवडीनं पितं, हे खरं. पण आवडतं म्हणजे मानवतं असं नाही. वरून आम्ही साखर घातली, म्हशीच्या दुधातला स्निग्धांश होताच, आणि आईपासून तुटल्याची धास्ती वेगळीच.

पण दूध हे एकच कारण नव्हतं. त्यांनी विष्ठेचा ठिपका काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. जंतांची अंडी होती. मांजरीच्या अंगातले गोल जंत तिच्या दुधातूनच पिल्लाकडे येतात. म्हणून पिल्लाला तिसऱ्या आठवड्यापासून दर पंधरवड्याला जंताचं औषध द्यावं लागतं, आणि ते वजन करून, डॉक्टरांनी ठरवलेल्या मापातच. माणसांच्या गोळ्यांबद्दल त्यांनी हात जोडले. आपली साधी तापाची पॅरासिटामॉल मांजराला विषासारखी आहे, एका गोळीनंही जीव जातो. मांजराचं यकृत ती निकामी करू शकत नाही. जायफळही मांजराला बाधतं. आदल्या रात्रीची ती अर्धवट मोडलेली गोळी मला आठवली, आणि हाताला घाम आला.

मग पथ्य. ते मी चिठ्ठीच्या पाठीमागे लिहून घेतलं. ज्यांच्या घरी नवं पिल्लू येईल त्यांना उपयोगी पडेल म्हणून सांगतो.

दूध बंद. उकळून गार केलेलं पाणी सतत समोर. कोंबडीचं बिनहाडाचं मांस, कातडी आणि चरबी काढून, नुसत्या पाण्यात मऊ उकडायचं. मीठ नाही, हळद नाही, मसाला नाही. कांदा-लसूण तर मुळीच नाही, कारण त्यामुळे मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. मांस बोटांनी बारीक कुस्करायचं, त्याच उकडलेल्या पाण्यात ओलसर करायचं, आणि कोमट असताना चमचा-दीड चमचा द्यायचं. दर तीन-चार तासांनी, दिवसातून पाच-सहा वेळा. एकदम पोटभर नाही. शिजवलेला लाल भोपळा बोटाच्या पेरावर मावेल इतका त्यात कालवला तरी चालतो, त्यातल्या चोथ्यानं मळ बांधला जातो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पिल्लाला लंघन घालायचं नाही. मोठ्या माणसाचं पोट बिघडलं तर आपण एक वेळ उपास करतो. पिल्लाच्या अंगात शिल्लकच नसते. उपाशी राहिलं की रक्तातली साखर उतरते आणि ते गार पडतं. गार पडलेल्या पिल्लाला अन्नही पचत नाही, म्हणून कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवायची.

हे जेवण दोन-तीन दिवसांपुरतंच. नुसत्या उकडलेल्या मांसावर पिल्लू वाढत नाही. त्यात हाडांना लागणारा चुना नसतो, आणि टॉरिन नावाचं द्रव्यही पाण्यात उतरून कमी होतं. मांजर हे द्रव्य स्वतःच्या अंगात पुरेसं तयार करू शकत नाही, ते मांसातूनच मिळवावं लागतं. ते कमी पडलं की डोळ्यांचा पडदा खराब होतो आणि हृदय दुबळं पडतं. मांजरांचा तो हृदयविकार टॉरिनच्या कमतरतेमुळे होतो, हे कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी 1987 साली दाखवून दिलं. त्यानंतर मांजरांच्या तयार खाद्यात हे द्रव्य जास्त घालू लागले. तेव्हा चौथ्या दिवसापासून पिल्लांसाठीचं तयार खाद्य कोमट पाण्यात भिजवून, पाव हिस्सा मिसळायचं. मग अर्धा, मग पाऊण. पूर्ण बदलायला आठवडा घ्यायचा. घाई केली की पोट पुन्हा बिघडतं.

आणि एक इशारा. उलट्या, विष्ठेत रक्त, खाणं पूर्ण बंद, खोल गेलेले डोळे, फिकट हिरड्या, यातलं काहीही दिसलं तर घरच्या पथ्यावर थांबायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना. पिल्लांमध्ये एक विषाणूजन्य आजार येतो, त्याचीही सुरुवात उलट्या-जुलाबांनीच होते आणि तो फार लवकर जीव घेतो. त्याची लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून देतात. पिल्लाची घाण काढल्यावर साबणानं हात धुवायचे, कारण त्या जंतांचा उपद्रव माणसालाही, विशेषतः लहान मुलांना, होतो.

घरी आलो आणि अम्मीला सगळं सांगितलं. दुधाचं सांगताना जरा आडवळणानंच सांगितलं, पण ती समजायची ते समजली. बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘‘म्हणजे ते पांढरं पिल्लू...’’

मी चौथीत असताना एक पांढरं पिल्लू घरी आणलं होतं. चौथ्या दिवशी गेलं. आम्ही ते परड्यात पेरूच्या झाडाखाली पुरलं. नजर लागली, असं तेव्हा अम्मी म्हणाली होती. त्यालाही तिनं स्वतःच्या चहातलं दूध वाचवून पाजलं होतं. त्या काळात आमच्या घरात दूध सगळ्यांच्या वाट्याला येत नव्हतं. एवढी वर्षं ते पिल्लू तिच्या मनात होतं, हे मला त्या दिवशी कळलं. मला काही उत्तर देता आलं नाही.

दोन दिवसांनी पिल्लाला पुन्हा दाखवायला नेलं, तेव्हा मी डॉक्टरांना हे विचारलं. त्या म्हणाल्या, ‘‘काका, इतक्या वर्षांपूर्वीच्या पिल्लाचं मी आज काय सांगू? जंत असतील, साथ असेल, दूधही असेल. आजींना एवढंच सांगा, त्यांच्याजवळ जे होतं त्यातलं चांगलं तेच त्यांनी दिलं. आता चांगलं काय ते कळलंय, आता ते द्या.’’

मी तसंच सांगितलं. अम्मी हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. पण दुसऱ्या दिवसापासून कोंबडी उकडायचं काम तिनं सुनेच्या हातून काढून घेतलं. आमच्या घरात कांदा-लसणाशिवाय कोंबडी चुलीवर चढल्याचं मला आठवत नाही. अम्मी पातेल्यात डोकावून म्हणायची, ‘‘याला ना चव, ना वास,’’ आणि तरी एक कणही मीठ घालायची नाही. ती पहाटे फज्रच्या नमाजाला उठते, म्हणून पहाटेचा घास तिच्याकडे. रात्री अकराचा माझ्याकडे. मधले घास बाकीच्यांनी वाटून घेतले.

धाकटीनं केकसाठी आणलेला इलेक्ट्रॉनिक काटा होता. त्यावर पातेलं ठेवून रोज सकाळी पिल्लाचं वजन करायचं ठरलं. पिल्लू सुधारतंय की नाही हे डोळ्यांपेक्षा काटा लवकर सांगतो. पहिल्या दिवशी 430 ग्रॅम भरलं. अम्मीला ग्रॅम कळत नाहीत, तिचा हिशेब अजून जुन्या मापात. ‘‘अच्छेरसुद्धा नाही,’’ ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी तेवढंच, तिसऱ्या दिवशीही तेवढंच. मी निराश झालो, पण डॉक्टर म्हणाल्या, घटलं नाही हीच चांगली खूण. विष्ठा हळूहळू घट्ट होऊ लागली होती. चौथ्या दिवशी काटा 445 वर थांबला. त्या दिवशी त्यानं माझ्या पायजम्याच्या नाडीवर झडप घातली. त्यानंतर रोज दहा-पंधरा ग्रॅम वाढत गेलं.

धाकटीला त्याचं नाव ठेवायचं होतं, पण अम्मी अडवत होती. आधी जगू दे, मग नाव. पांढऱ्या पिल्लाचं नाव आम्ही पहिल्याच दिवशी ठेवलं होतं, ते ती विसरली नव्हती. सव्वा महिन्यानं काट्यावर 935 आकडा आला. मी हिशेब करून सांगितलं, ‘‘अम्मी, शेर भरला.’’ ती म्हणाली, ‘‘मग शेरच म्हणा त्याला.’’ वजनाचा शेर, जंगलातला शेर, आणि मी कागदावर लिहितो तोही शेर. कवीच्या घरात इतकं नेमकं नाव कवीला सुचलं नाही, हे कबूल करायला हवं.

ती दुधाची वाटी अजून तिथेच, दाराशेजारी असते. अम्मी रोज सकाळी ती घासते आणि तिच्यात पाणी भरते.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)