काँप्युटर चालू होताच कोण जागे होते?

व्यापारी बंधूंनो, शटर उचलताना आत कोण शिरले ते आपण पाहतो. काँप्युटर चालू करताना पाहत नाही. १९९१ साली सापडलेला मायकेलअँजेलो व्हायरस फ्लॉपीतून येई, मशीन चालू होतानाच ठाण मांडी आणि ६ मार्चला डिस्कवरचा हिशेब बिघडवी. आपल्या पुण्यातल्या काटकर बंधूंचे ‘क्विक हील’ त्याच दशकातले.

आता विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजरात ‘स्टार्टअप’ची यादी मिळेल. नाव अनोळखी, कंपनीचा रकाना कोरा आणि फाइल ‘टेम्प’ फोल्डरात, तर ‘डिसेबल’ करून अँटिव्हायरस फिरवा. अनोळखी ते सगळे वाईटच असते असे नाही, म्हणून पुसू नका. मी घाईत लेबल प्रिंटरचाच प्रोग्राम उडवला. ईदच्या गर्दीत ताग्यांच्या चिठ्ठ्या हाताने लिहिल्या.