सॅनिटायझरला न जुमानणारा पोटाचा विषाणू

घरात एकाला उलट्या-जुलाब सुरू झाले की "बाहेरचं काहीतरी बाधलं" म्हणून आपण सोडून देतो. पण दोन दिवसांत बाकीचेही आडवे झाले, तर नोरोव्हायरसचा संशय घ्यायलाच हवा. १९६८ साली अमेरिकेत ओहायोतल्या नॉरवॉक गावच्या शाळेत साथ आली, त्या गावावरूनच हे नाव पडलं.

सगळ्यांनी लक्षात ठेवावं असं म्हणजे, सॅनिटायझर याच्यावर फारसा चालत नाही. अल्कोहोल ज्या स्निग्ध आवरणावर घाव घालतं, ते याला नसतंच. त्यामुळे साबण लावून वाहत्या पाण्याखाली वीस सेकंद हात चोळून धुणं, याला पर्याय नाही. आजारी पडायला विषाणूचे मोजके कण पुरतात, आणि उलटी होताना ते आजूबाजूला उडतात. म्हणून ती जागा नुसती फडक्याने पुसू नका. हातमोजे घाला, ब्लीचच्या पाण्याने पुसा, काही मिनिटं ओलीच राहू द्या.

बरं वाटलं तरी पुढचे दोन दिवस त्या माणसाने स्वयंपाकाला हात लावू नये. आपल्याकडे हे पाळणं फार अवघड, कारण आजारी बाईलाच ओट्याशी उभं राहावं लागतं. घरच्यांनो, तेवढे दिवस तुम्ही स्वयंपाक करा!

अँटिबायोटिकचा इथे उपयोग नाही. ओआरएस घोट घोट द्या. मूल मलूल झालं, लघवी कमी झाली, तर लगेच डॉक्टरांकडे न्या. आणि असेच उलट्या-जुलाब घडवणाऱ्या दुसऱ्या विषाणूवरची, म्हणजे रोटाव्हायरसची, बाळाची लस चुकवू नका. सरकारी केंद्रात ती मोफत मिळते.