ख्रिस्ती जीवनदृष्टीतील लीनता : संकल्पना आणि मराठी प्रत्यय

‘नम्रता’ हा शब्द मराठीत उच्चारला की प्रथम डोळ्यांपुढे येते ते वाकलेले शरीर आणि मृदू बोलणे. शब्दाच्या मुळाशी ‘नम्’ हा धातू असल्याने हे स्वाभाविकच आहे. मात्र या अर्थाने नम्रता हा शिष्टाचाराचा भाग ठरतो आणि शिष्टाचार अभ्यासाने साधता येतो. मराठी पवित्र शास्त्रात मत्तयकृत शुभवर्तमानाच्या ११व्या अध्यायात येशू स्वतःविषयी बोलतो तेथे ‘लीन’ हे विशेषण आले आहे. ‘लीन’ म्हणजे विरघळलेला, दुसऱ्यात मुरलेला. ख्रिस्ती विचारात ज्या गुणाला केंद्रस्थान आहे, तो गुण या दुसऱ्या शब्दात अधिक नेमका उतरतो.

मूळ ग्रीकमध्ये येथे ‘तापेइनोस’ हा शब्द आहे. ख्रिस्तपूर्व ग्रीक वाङ्मयात तो बहुधा हलक्या दर्जाचा, क्षुद्र अशा अर्थाने येतो. सद्गुणांच्या यादीत त्याला स्थान नव्हते. समाजाने ज्याला खाली ढकलले त्याचे हे वर्णन. नव्या करारात हाच शब्द सद्गुणवाचक झाला तो एका विशिष्ट घटनेमुळे. फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात ख्रिस्ताने स्वतःला रिक्त केले, दासाचे रूप घेतले, असे पौल सांगतो. हे रिक्त होणे स्वेच्छेचे आहे आणि ते वरून खाली येणे आहे. योहानाने वर्णिलेल्या पाय धुण्याच्या प्रसंगातही, आपण गुरू आणि प्रभू आहोत हे येशू नाकारत नाही. ते मान्य करूनच तो शिष्यांचे पाय धुतो. म्हणजे आपले मोठेपण खोटे ठरवणे ही लीनतेची अट नव्हे.

याची दुसरी बाजू सहसा दुर्लक्षित राहते. लूककृत शुभवर्तमानातील मरियेच्या स्तोत्रात देव सत्ताधीशांना आसनावरून खाली ओढतो आणि दीनांना उंच करतो. तेथील ‘दीन’ म्हणजे पुन्हा ‘तापेइनोस’च. जो वर आहे त्याने उतरावे आणि जो दडपला गेला आहे त्याने उठावे, अशा दोन्ही हालचाली एकाच शब्दात सामावल्या आहेत. त्यामुळे आधीच वाकवल्या गेलेल्याला ‘नम्र हो’ असा उपदेश करणे हे या संकल्पनेचे विडंबन होय.

कृत्रिम नम्रतेचा धोका पौलाने ओळखला होता. कलस्सैकरांस लिहिताना तो स्वेच्छेने पांघरलेल्या लीनतेच्या देखाव्याविरुद्ध सावध करतो. परूशी आणि जकातदार यांच्या दृष्टांतातील परूशी उघड गर्विष्ठ आहे, म्हणून तो ओळखू येतो. परंतु ‘मी त्या परूश्यासारखा नाही’ असे समाधान मानणारा वाचक नकळत त्याच्याच शेजारी जाऊन उभा राहतो. आविलाची संत तेरेसा (१५१५–१५८२) लीनतेचा अर्थ सत्यात चालणे असा लावते. त्या दृष्टीने स्वतःची अवास्तव निंदा हीदेखील असत्यच. तिच्यातही लक्ष स्वतःवरच खिळलेले असते.

मराठी ख्रिस्ती साहित्याच्या संदर्भात हा भेद केवळ तात्त्विक नाही. अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) परिसरातील ख्रिस्ती समाजाचा मोठा भाग पूर्वास्पृश्य जातींतून आलेला होता. त्याला नम्रता शिकवण्याची आवश्यकता नव्हती. ती शतकानुशतके लादली गेलीच होती. उतरण्याचा प्रश्न होता तो वरून आलेल्यांचा. १८९५ साली बाप्तिस्मा घेणारे चित्पावन कवी ना. वा. टिळक (१८६१–१९१९) यांच्या जीवनाकडे या अंगाने पाहणे उद्बोधक ठरते. १९१७ साली त्यांनी मिशनच्या नोकरीचा त्याग केला आणि बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांसाठी ‘देवाचा दरबार’ उभा करण्याचा प्रयत्न केला. संस्थेच्या दृष्टीने हे औद्धत्य वाटू शकते. पण आज्ञाधारकता आणि लीनता यांची गल्लत केली तरच तसे वाटेल. येथे त्यांनी सोडले ते स्वतःचे स्थान आणि वेतन.

तथापि या गुणाचा अधिक सहज वाङ्मयीन आविष्कार लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त (१९३४–१९३७) आढळतो. वडिलांच्या सोवळ्याचे वेड, पतीच्या धर्मांतराने कोसळलेले आकाश, वेगळी चूल आणि पुढे १९०० मधील बाप्तिस्म्याआधीच विचारांती सुटलेला जातिभेद हे सारे त्या सांगतात. या निवेदनात पश्चात्तापाचा आक्रोश नाही आणि आपण सुधारलो याचा टेंभाही नाही. पूर्वीच्या लक्ष्मीला त्या हसतात, पण तिला तुच्छ लेखत नाहीत. मराठी आत्मचरित्रांत आत्मगौरव आणि आत्मधिक्कार दोन्ही मुबलक आहेत. हा तिसरा स्वर विरळा. समीक्षेने त्याला बहुधा ‘प्रांजळपणा’ किंवा ‘विनोदबुद्धी’ म्हणून नोंदवले, ते चूक नसले तरी अपुरे आहे.

टिळकांच्या निधनानंतर त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले. शालेय शिक्षणाचा आधार नसलेल्या लक्ष्मीबाईंना ‘आपली योग्यता ती काय’ असे म्हणून बाजूला होणे सहज शक्य होते आणि तसे म्हणणे लोकांना शोभूनही दिसले असते. त्यांनी लेखणी घेतली आणि ते काव्य पुढे नेले.