चाळिशीनंतरचा कॉम्प्युटर: आधी अंतर मोजा, मग चष्मा आणि मॉनिटर घ्या

मराठीत ‘चाळिशी’ हा शब्द गमतीचा आहे. तो वयाचंही नाव आहे आणि त्या वयात नाकावर येऊन बसणाऱ्या चष्म्याचंही. आपल्या आजी-आजोबांच्या काळात ही चाळिशी पेपर वाचायला, सुईत दोरा ओवायला आणि तिलावतीला लागायची. आज परिस्थिती बदलली आहे. आम्हा शिक्षकांचंच पाहा. निकालपत्रक, यू-डायस प्लसची माहिती, शालार्थची पगारबिलं, सगळं कॉम्प्युटरवर. दुकानाचा हिशेब, जीएसटीचं रिटर्न, बँक, आणि गल्फमध्ये असलेल्या मुलाशी व्हिडिओ कॉल, हेही स्क्रीनवरच. डोळे मात्र तेच आहेत आणि वयही थांबत नाही.

पनवेल परिसरात आमच्या ओळखीच्या कितीतरी घरांत एकच तक्रार ऐकू येते: ‘चष्मा नवीन केला, तरी कॉम्प्युटरवर नीट दिसत नाही, मान दुखते, संध्याकाळी डोकं जड होतं.’ मग कुणी म्हणतं मॉनिटर खराब, कुणी म्हणतं चष्मेवाल्याने नंबर चुकीचा काढला. खरं तर बऱ्याच वेळा दोघांचाही दोष नसतो. चष्मा एका अंतरासाठी बनलेला असतो आणि स्क्रीन दुसऱ्या अंतरावर ठेवलेली असते, एवढीच गोष्ट. ती आज नीट समजून घेऊ.

चाळिशीत डोळ्यात नेमकं काय होतं?

डोळ्यात बाहुलीच्या मागे एक भिंग असतं. तरुणपणी ते लवचीक असतं. लांबचं पाहताना चपटं होतं, जवळचं पाहताना फुगतं. वय वाढतं तसं हे भिंग कडक होत जातं. साधारण चाळिशीच्या आसपास ते पुरेसं फुगेनासं होतं आणि आपण पेपर लांब धरायला लागतो. हा आजार नाही, केस पिकण्यासारखाच प्रकार आहे. ‘चष्मा लावला की नंबर वाढतो’ हा आपल्याकडचा पक्का गैरसमज आहे. जवळचा नंबर साठीपर्यंत हळूहळू वाढतोच, चष्मा लावा किंवा लावू नका. न लावल्याने फक्त त्रास वाढतो.

दुसरा बदल उजेडाचा. वयाबरोबर बाहुली लहान होते आणि भिंग पिवळसर होत जातं. साठीच्या माणसाच्या डोळ्यात आतल्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या तुलनेत साधारण एक तृतीयांशच उजेड पोहोचतो. म्हणून मुलगा म्हणतो ‘एवढा तर लाइट आहे’ आणि वडील म्हणतात ‘मला अंधार वाटतोय’. दोघंही खरंच बोलत असतात.

डोळ्याचं हे शास्त्र समजून घेण्याची परंपरा जुनी आहे. बसऱ्यात जन्मलेले आणि काहिरामध्ये काम केलेले इब्न अल-हैसम यांनी अकराव्या शतकाच्या सुरुवातीला ‘किताब अल-मनाझिर’ लिहिली. डोळ्यातून किरण बाहेर पडून वस्तू दिसते, ही जुनी कल्पना खोडून प्रकाश वस्तूकडून डोळ्यात येतो, हे त्यांनी प्रयोगांनिशी मांडलं. पुढे या ग्रंथाचं लॅटिनमध्ये भाषांतर झालं आणि युरोपातल्या प्रकाशशास्त्राला त्याचा मोठा आधार मिळाला. वाचायचा चष्मा त्यानंतर, तेराव्या शतकाच्या अखेरीस इटलीत आला.

अंतराचं साधं गणित

आता आमच्या मास्तरकीचा भाग. पण गणित पाचवीच्या मुलालाही जमेल असं आहे. १०० ला अंतराने, म्हणजे सेंटिमीटरने, भागा. जे येतं तेवढी ताकद डोळ्याला त्या अंतरावर नीट पाहायला लागते. पुस्तक ४० सेंटिमीटरवर असेल तर १०० भागिले ४०, म्हणजे २.५. स्क्रीन ६५ सेंटिमीटरवर असेल तर साधारण १.५. यातली थोडी ताकद आपला डोळा देतो, उरलेली चष्मा.

समजा एका बाईंना लांबचा नंबर नाही आणि वाचायचा नंबर +२ आहे. वय पंचावन्नच्या आसपास, म्हणजे डोळ्याची स्वतःची ताकद जेमतेम १ उरलेली. हा चष्मा लावल्यावर त्यांना साधारण ३३ ते ५० सेंटिमीटरमधलंच स्वच्छ दिसेल. ५० च्या पुढे सगळं धूसर. आणि मॉनिटर ठेवलाय ६५ वर! मग त्या नकळत पुढे झुकतात, मान पुढे काढतात. मानदुखीचं मूळ हे असं असतं. त्याच बाईंना कॉम्प्युटरसाठी +१.२५ चा चष्मा दिला, तर ८० सेंटिमीटरपर्यंत स्वच्छ दिसेल आणि त्या आरामात पाठ टेकून बसतील.

लांबचा मायनस नंबर असलेल्यांचं उलटं होतं. ज्यांचा नंबर –१.५ च्या आसपास आहे, त्यांना चष्मा काढून ६५ सेंटिमीटरवरचा मॉनिटर चांगला दिसतो. त्यांनी तसं काम केलं तरी काही बिघडत नाही.

म्हणून चष्म्याच्या दुकानात किंवा डॉक्टरांकडे जाण्याआधी घरी एक काम करा. नेहमीसारखं पाठ टेकून बसा आणि दुसऱ्या कुणाला तरी शिलाईच्या टेपने डोळ्यापासून स्क्रीनपर्यंतचं अंतर मोजायला सांगा. पुस्तकाचं अंतरही मोजा. दोन्ही आकडे चिठ्ठीवर लिहून न्या. ‘मी रोज पाच तास कॉम्प्युटरवर असतो, स्क्रीन इतक्या सेंटिमीटरवर आहे’ हे वाक्य तुम्ही बोललात, तर नंबर काढणाऱ्याचं अर्धं काम सोपं होतं. बहुतेक लोक हे सांगतच नाहीत, आणि मग त्यांना सवयीप्रमाणे पुस्तकाच्या अंतराचा नंबर मिळतो.

कोणता चष्मा कुणासाठी?

बायफोकल: वर लांबचं, खाली जवळचं. रस्त्यावर आणि पुस्तकासाठी ठीक. पण कॉम्प्युटरचं मधलं अंतर यात कुठेच नसतं. स्क्रीन वाचायला हनुवटी वर करून खालच्या काचेतून बघावं लागतं. तासभर असं बसलात की मान आखडलीच.

प्रोग्रेसिव्ह: वरून खाली नंबर हळूहळू बदलतो. मधलं अंतरही मिळतं, पण त्याची पट्टी अरुंद असते. थोडा वेळ स्क्रीन बघणाऱ्याला चालतो. दिवसभर मोठ्या स्क्रीनवर काम असेल तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत डोकं फिरवत राहावं लागतं.

फक्त कॉम्प्युटरचा सिंगल व्हिजन चष्मा: दिवसात तीन-चार तासांपेक्षा जास्त बसणाऱ्यांसाठी सगळ्यात स्वस्त आणि सोयीचा. पूर्ण काच एकाच अंतराची, त्यामुळे मान सरळ राहते. हा लावून गाडी मात्र चालवायची नाही. तो टेबलावरच ठेवा.

ऑफिस लेन्स: स्क्रीन आणि टेबलावरचा कागद दोन्ही दिसावेत अशी काच. महाग असते. सतत कागद बघून टाइप करणाऱ्यांनी विचार करायला हरकत नाही.

स्टेशनबाहेर मिळणारे तयार चष्मे? दोन्ही डोळ्यांचा नंबर सारखा असेल आणि सिलिंडरचा नंबर नसेल, तर थोड्या वेळासाठी चालतात. पण बऱ्याच लोकांच्या दोन डोळ्यांत फरक असतो. म्हणून एकदा तपासून नंबर काढलेलाच बरा.

काचेवर अँटी-रिफ्लेक्शन कोटिंग घ्या. ट्यूबलाइटची आणि खिडकीची चमक त्याने कमी होते. ‘ब्लू कट’साठी मात्र वेगळे पैसे मोजण्याआधी थांबा. २०२३ मध्ये कॉक्रेन या संस्थेने १७ चाचण्या एकत्र तपासल्या. निळा प्रकाश अडवणाऱ्या काचांमुळे स्क्रीनवर काम करताना डोळ्यांचा थकवा थोड्या काळात कमी होतो, असं त्यात दिसलं नाही. ते पैसे चांगल्या फ्रेममध्ये किंवा मॉनिटरच्या स्टँडमध्ये घाला. चष्म्याचं बिलही जरूर मागा. २२ सप्टेंबर २०२५ पासून नजरेच्या चष्म्यांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला आहे.

मॉनिटर घेताना

दुकान पनवेलचं असो की मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचं, विक्रेता आधी इंच सांगतो. तुम्ही इंचाबरोबर रिझोल्यूशन विचारा. अक्षर किती रेखीव दिसणार हे एका इंचात किती ठिपके बसतात यावर ठरतं. २४ इंची फुल एचडी, म्हणजे १९२० बाय १०८०, मॉनिटरवर इंचाला सुमारे ९२ ठिपके असतात. तेच रिझोल्यूशन २७ इंचावर ताणलं की ८२ वर येतं. अक्षर मोठं होतं, पण कडा थोड्या फुटलेल्या दिसतात. २७ इंचच हवा असेल तर २५६० बाय १४४० चा घ्या, तिथे १०९ ठिपके मिळतात. घरातला जुना ३२ इंची ‘एचडी रेडी’ टीव्ही मॉनिटर म्हणून जोडण्याची आयडिया बरेच जण करतात. त्यावर बहुतेक वेळा १३६६ बाय ७६८ रिझोल्यूशन असतं, म्हणजे इंचाला जेमतेम ४९ ठिपके. सिनेमा चालेल, वाचन नाही.

१५.६ इंची लॅपटॉपवर ठिपके जास्त असतात, १४१ च्या आसपास. म्हणून अक्षर रेखीव, पण फार बारीक. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये स्केल १२५ किंवा १५० टक्के करा. वेबसाइट वाचताना कंट्रोल आणि प्लस दाबलं की अक्षर मोठं होतं.

आपल्यासारख्या दोन लिप्या वाचणाऱ्यांनी यात कंजूषी करूच नये. उर्दू नस्तालीकमध्ये शब्द तिरका खाली उतरतो आणि नुक्ते दाटीने बसतात. बे, पे, ते, से यांच्यात फरक फक्त नुक्त्यांचा. त्याच साइझमध्ये नस्तालीक इंग्रजीपेक्षा बारीक दिसते. देवनागरीतही घ आणि ध, भ आणि म, अनुस्वार आणि रफार बारीक अक्षरात चुकतात. म्हणून मॉनिटर घ्यायला जाल तेव्हा दुकानात इंग्रजी पान उघडून बघू नका. मोबाइलवरून हॉटस्पॉट द्या, उर्दू किंवा मराठी पेपरचं पान उघडा, आपल्या अंतरावर बसा आणि वाचून बघा.

आणखी चार गोष्टी बघा. स्क्रीन मॅट असावी, चकचकीत नको. पॅनल आयपीएस असावं, म्हणजे बाजूने पाहिलं तरी रंग उतरत नाही. स्टँड वर-खाली होणारा असावा. आणि ‘फ्लिकर-फ्री’ असं लिहिलेलं असावं. काही स्क्रीन उजेड कमी केला की लुकलुकतात. डोळ्याला ते कळत नाही, पण काहींचं डोकं दुखतं. ब्राइटनेस कमी करून मोबाइलच्या कॅमेऱ्यातून स्क्रीन बघा. जाड काळे पट्टे सरकताना दिसले तर दुसरा मॉनिटर बघा.

मांडणी आणि सवयी

स्क्रीनची वरची कड डोळ्याच्या रेषेत किंवा किंचित खाली असावी. बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह लावणाऱ्यांनी आणखी खाली ठेवून थोडी मागे कलती करावी. खिडकी समोरही नको, पाठीमागेही नको, बाजूला हवी. ब्राइटनेस ठरवायला सोपी युक्ती: स्क्रीनशेजारी कोरा कागद धरा. स्क्रीन दिव्यासारखी झगमगत असेल तर कमी करा, राखाडी वाटत असेल तर वाढवा. सिलिंडरचा नंबर किंवा मोतीबिंदूची सुरुवात असेल तर काळ्यावर पांढरी अक्षरं पसरट दिसतात. अशांना पांढऱ्यावर काळं अक्षरच बरं.

स्क्रीन बघताना आपण पापण्या खूप कमी मिटतो, म्हणून डोळे कोरडे पडून चुरचुरतात. दर २० मिनिटांनी २० फूट लांब २० सेकंद बघा आणि मुद्दाम पापण्या मिटा. पंख्याचा किंवा एसीचा झोत तोंडावर घेऊ नका.

सगळा दोष चष्म्याला देऊ नका

नंबर सारखा बदलत असेल तर आधी साखर तपासा. रक्तातली साखर वर-खाली झाली की नंबरही बदलतो. म्हणून साखर आटोक्यात आल्यावरच नवा चष्मा करा. मधुमेह असलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्यावा. घरात कुणाला काचबिंदू असेल तर इतरांनीही डोळ्याचा दाब बघून घ्यावा. अचानक चमका दिसणं, काळे ठिपके वाढणं, डोळ्यासमोर पडदा आल्यासारखं वाटणं, यात एक दिवसही घालवू नका. पनवेलमध्ये उपजिल्हा रुग्णालय आहे, लक्ष्मी आय इन्स्टिट्यूट आहे, कामोठ्याला एमजीएम आहे. तपासणीसाठी मुंबई गाठायची गरज नाही.

शेवटची गोष्ट घरातल्या बायकांबद्दल. आपल्याकडे चष्म्याचा खर्च आधी मुलांचा, मग अब्बूंचा, आणि अम्मींचा ‘बघू पुढच्या महिन्यात’. ‘आता वय झालं’ म्हणून त्या शिलाई सोडतात, वाचन सोडतात, मोबाइलवर आलेला मेसेज नातवाकडून वाचून घेतात. २०१८ मध्ये लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये आसामच्या चहामळ्यांतला एक अभ्यास छापून आला. चाळिशी ओलांडलेल्या कामगारांपैकी काहींना जवळचा साधा चष्मा फुकट दिला गेला. चष्मा न मिळालेल्यांच्या तुलनेत त्यांचं काम सुमारे २२ टक्क्यांनी जास्त वाढलं. हात तेच, मळा तोच, फक्त पान नीट दिसायला लागलं.

तेव्हा या रविवारी टेप काढा. स्वतःचं अंतर मोजा, आणि त्याच टेपने अम्मी सुई किती लांब धरतात तेही मोजा. दोन्ही आकडे एकाच चिठ्ठीवर लिहा आणि तपासणीला दोघंही जा.