डावपेचांची खतावणी

रात्रीचे साडेअकरा वाजले होते. सौ.नी आतल्या खोलीतून दोनदा हाक मारली होती आणि दोन्ही वेळा "आलोच" म्हणून मी जागचा हललो नव्हतो. समोर नातवाचा जुना लॅपटॉप, त्याच्या पडद्यावर हिरवे मैदान, मैदानावर पळणारे बावीस ठिपके आणि माझ्या मांडीवर लाल कापडी पुठ्ठ्याची लांबट वही. सामना एक-एक असा बरोबरीत होता. ऐंशीव्या मिनिटाला आमच्या डाव्या बाजूचा ठिपका चेंडू घेऊन पुढे धावला, तिकडे त्याने चेंडू गमावला, आणि त्याने मोकळ्या सोडलेल्या जागेतून समोरच्यांचा ठिपका सरळ आमच्या गोलपर्यंत आला. गोल! मी वहीत नोंद केली : 'डावीकडून. नववा.'

"आबा, हरल्यावर हिशेब लिहिता तुम्ही, हे बरं आहे," नातू म्हणाला.

"अरे, सदतीस वर्षं बँकेत दुसरं काय केलं?"

वाचकांना आधीच सांगायला हवे की सदुसष्टाव्या वर्षी मी या भानगडीत पडलो तो हौसेने नव्हे. चिरंजीव एकलहऱ्याच्या थर्मलमध्ये नोकरीला, म्हणून निवृत्तीनंतर आम्ही उभयता त्याच्याकडे कॉलनीत राहायला आलो. येथे दिशा विचाराव्या लागत नाहीत, चिमण्या कुठूनही दिसतात. १४० मेगावॉटचे पहिले दोन संच बंद होऊन बरीच वर्षे झाली, नंतरचे तीन २१० मेगावॉटचे, आणि ६६० मेगावॉटच्या नव्या संचाची चर्चा तर मी आल्या दिवसापासून ऐकतो आहे. आमच्या ओळीत चार क्वार्टरना कुलपे आहेत. संध्याकाळी मैदानावर पोरे जमतात, पण दोन्ही बाजूंना अकरा-अकरा भरतील असा दिवस क्वचितच उगवतो. सात-सात, आठ-आठ अशी वाटणी करून खेळतात.

त्यांच्यात आमचा नातू डावा बॅक. गेल्या पावसाळ्यात चिखलात त्याचा पाय रुतला, अंग वळले, पाय वळला नाही. गुडघ्यातला लिगामेंट तुटला. ऑपरेशन झाले आणि डॉक्टरांनी नऊ महिने मैदान बंद सांगितले. सतरा वर्षांच्या मुलाला नऊ महिने म्हणजे काय, हे मला त्याच्या न बोलण्यावरून कळले. खायला बोलावले तर यायचा, विचारले तेवढ्याचे उत्तर द्यायचा. बाकी दार लोटलेले, आत लॅपटॉपचा उजेड. एके दिवशी मी खुर्ची ओढून शेजारी बसलो आणि "हे काय चाललंय?" असे विचारले. त्याने दहा मिनिटे समजावून सांगितले. आठवड्याभरात त्याने मला विचारून सांगितलेली ही सर्वात लांब गोष्ट होती, म्हणून दुसऱ्या दिवशीही मी खुर्ची ओढली.

'फुटबॉल मॅनेजर' या नावाच्या या खेळात आपण चेंडूला पाय लावत नाही. आपण असतो संघाचे व्यवस्थापक. कोणाला विकत घ्यायचे, कोणाला बाकावर बसवायचे, मैदानावर कशी मांडणी करायची आणि कोणाला काय काम द्यायचे, एवढे ठरवायचे. मग सामना सुरू होतो आणि आपण हात चोळत बघायचे. शाखा व्यवस्थापक म्हणून काम केलेल्या माणसाला हे फारसे नवीन नाही.

या कल्पनेला चाळीसहून अधिक वर्षे झाली. केव्हिन टॉम्स नावाच्या इंग्रज गृहस्थाने १९८२ साली याच नावाचा पहिला खेळ केला. त्यानंतर पॉल आणि ऑलिव्हर कॉलियर या दोन भावांनी घरच्या घरी लिहिलेला 'चॅम्पियनशिप मॅनेजर' १९९२ मध्ये बाजारात आला. त्यात चित्र नव्हतेच, फक्त धावत्या वर्णनाच्या ओळी. आम्ही रेडिओवर कॉमेंटरी ऐकत वाढलो, तेव्हा ते कसे वाटत असेल याची कल्पना करू शकतो. पुढे प्रकाशकाशी फारकत झाली, जुने नाव प्रकाशकाकडे राहिले आणि २००४ पासून भावांचा खेळ 'फुटबॉल मॅनेजर' या नावाने निघू लागला. खेळाडूंची त्यांनी जमवलेली माहिती इतकी मोठी झाली की २००८ साली एव्हर्टन या खऱ्याखुऱ्या क्लबने ती वापरण्याचा करार केला. दरवर्षी नवी आवृत्ती येण्याची सवय लागलेल्या लोकांना २०२५ च्या फेब्रुवारीत कंपनीने त्या वर्षीची आवृत्ती रद्द झाल्याचे सांगितले, तेव्हा हळहळ फार झाली म्हणे. आमचे काही अडले नाही. आमच्याकडची २०२४ ची.

आम्ही घेतला लँकेशायरमधल्या एका जुन्या गिरणगावाचा क्लब, चौथ्या श्रेणीतला. चोवीस संघ, सेहेचाळीस सामने, पहिले तीन थेट वर चढतात. पैसा नाही, मैदान लहान. नातवाला मोठा क्लब हवा होता. मी म्हटले, "मोठ्या शाखेत मॅनेजरला कोण विचारतो? लहान शाखा घे."

पहिल्या नऊ सामन्यांत सात पराभव झाले. कारण सरळ होते. आम्ही दर सामन्यानंतर सगळेच बदलत होतो. हरलो की ४-४-२ चे ४-२-३-१, तेही हरलो की बचावात पाच माणसे. नातू चिडायचा, मी सल्ले द्यायचो, आणि दोघांनाही कळत नव्हते की बिघडले आहे ते नेमके कुठे. खेळात एक पट्टी असते. खेळाडूंना आपली पद्धत किती अंगवळणी पडली आहे, ते ती दाखवते. आमची पट्टी कधी निम्म्यावरही गेली नव्हती. रोज नवे परिपत्रक काढणाऱ्या मुख्यालयाखाली शाखांची जी अवस्था होते, तीच त्या बिचाऱ्या ठिपक्यांची झाली होती.

तेव्हा मी वही आणली. नियम दोन केले. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बदलल्यावर दहा सामने तिला हात लावायचा नाही. नातवाला दुसरा नियम जाचक वाटला. तीन सामने हरल्यावर सातव्या सामन्यापर्यंत थांबणे ही कठीण गोष्ट आहे, हे मलाही मान्य आहे.

वहीत मी निकालापेक्षा गोल कसा खाल्ला, हे लिहू लागलो. पंधरा गोलांच्या नोंदी झाल्या, त्यांतले नऊ डावीकडून. आमच्या दोन्ही बाजूंचे बॅक एकाच वेळी पुढे धावत होते आणि मागे राहत होते फक्त दोन धिप्पाड, सुस्त गृहस्थ. उपाय बॅकला अडवण्याचा नव्हता, कारण आमच्या निम्म्या संधी त्याच्याच पायातून येत होत्या. मधल्या फळीतल्या एकाला आम्ही काम दिले : 'तू पुढे जायचं नाही. तो गेला की त्याची जागा राखायची.' बँकेत याला राखीव तरतूद म्हणतात. पुढच्या दहा सामन्यांत डावीकडून दोनच गोल झाले.

मग लक्षात आले की आम्ही मारतो खूप, पण लांबून. खेळात प्रत्येक फटक्याची किंमत अपूर्णांकात मांडलेली असते. पेनल्टीची साधारण पाऊण गोल, पंचवीस यार्डांवरून मारलेल्या आशाळभूत फटक्याची पाच पैसे. आमचे वीस फटके मिळून एक रुपया भरत नव्हता. 'लांबून मारू नका, चेंडू आत न्या' अशी सूचना दिली आणि फटके निम्म्यावर आले. नातू घाबरला. गोल मात्र वाढले. उलटेही घडले. एकदा गोलरक्षकाने चेंडू लांब न मारता हाताने जवळ द्यावा, असा बदल केला आणि तो सामना तीन-शून्य जिंकलो. नातू नाचायला लागला (एका पायावर). मी वही दाखवली. तिन्ही गोल कॉर्नरवरून होते, गोलरक्षकाचा त्यात काडीचा संबंध नव्हता. जिंकलेल्या सामन्याचा हिशेब कोणी तपासत नाही, तेथेच चुका लपून राहतात. नफ्यातल्या शाखांच्या बाबतीत मी हे फार पाहिले आहे.

त्या वर्षी आम्ही नववे आलो. नातू जेवताना बोलू लागला होता, आणि बोलायचा ते डाव्या बाजूविषयीच. चिरंजीवांना वाटले, पोरगा पुन्हा मैदानाचा हट्ट धरतोय.

येथे एक आठवण सांगितल्यावाचून राहवत नाही. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी माझी बदली कोल्हापूरला झाली. फुटबॉल मी तेथे पाहिला, त्याआधी नाही. पाटाकडील तालीम आणि खंडोबा तालीम यांचा शाहू स्टेडियमवर सामना असला, की आमच्या शाखेतले रोखपाल दुपारपासून अस्वस्थ. पेठांच्या तालमींनी संघ काढावेत आणि त्यांच्यासाठी गाव दुभंगावे, हे महाराष्ट्रात कोल्हापुरातच. एकदा ते मला म्हणाले, "सायेब, चला की. हिशेब उद्या बी जुळंल." मी गेलो. शेजारचा म्हातारा खेळाकडे पाहतच नव्हता. चेंडू उजवीकडे असताना तो डावीकडे बघत होता. मी कारण विचारले, तर म्हणाला, "चेंडू हाय तितं काय बघायचं? मोकळं कुठं पडलंय ते बघा." त्या वाक्याचा अर्थ मला एकलहऱ्यात, पडद्यापुढे बसल्यावर लागला.

दुसरे वर्ष झोकात सुरू झाले. अकरा सामन्यांत आठ विजय. आणि मग गाडी अडली. पद्धत तीच, माणसे तीच, वही साफ, तरी सहा सामन्यांत एकही विजय नाही. दोन रात्री आम्ही चूक शोधत होतो. चूक नव्हतीच. आमचे नाव झाले होते. आदल्या वर्षी आमच्या अंगावर येणारे संघ आता आपल्याच गोलपुढे दहा जण उभे करून बसत होते. जी मोकळी जागा आम्ही वापरायचो, ती त्यांनी ठेवलीच नाही.

खऱ्या फुटबॉलचा सगळा इतिहास असाच आहे. १९२५ साली ऑफसाइडचा नियम बदलला, तीनऐवजी दोन खेळाडू पुढे असले तरी चालू लागले, गोलांचा पाऊस पडला. आर्सेनलच्या हर्बर्ट चॅपमन यांनी मधला माणूस मागे बचावात ओढला आणि पुढची पंचवीस वर्षे इंग्लंड त्या मांडणीला कवटाळून बसले. १९५३ मध्ये हंगेरीने वेम्बलीवर येऊन त्यांना ६-३ असे हरवले. आघाडीचा खेळाडू मागे सरकून उभा राहिला, तेव्हा इंग्रज बचावपटूला त्याच्यामागे जावे की जागा राखावी, हेच सुचेना.

आपल्याकडे हे सय्यद अब्दुल रहीम यांना कळले होते. हैदराबादचे हे शाळामास्तर भारतीय संघाचे प्रशिक्षक होते. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये आपण चौथे आलो, मुंबईच्या नेव्हिल डिसूझाने ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले, ते त्यांच्याच हाताखाली. पण मी नातवाला सांगितली ती १९६२ ची जकार्ताची गोष्ट. आशियाई स्पर्धेत बचावाचा खांब असलेल्या जर्नेल सिंगच्या डोक्याला मार लागला, टाके पडले. बचावात उभे करावे तर हेडरला डोके लावणार कसे? रहीम यांनी त्याला आघाडीला नेले. उपांत्य सामन्यात त्याने गोल केला, अंतिम सामन्यातही केला. दक्षिण कोरियाविरुद्ध २-१, सुवर्णपदक. रहीम स्वतः तेव्हा कर्करोगाने आजारी होते. पुढच्या वर्षी गेले.

नातू ऐकून घेऊन गप्प राहिला. मला वाटले, म्हाताऱ्याची गोष्ट म्हणून सोडून दिली असेल.

फेब्रुवारीत (खेळातल्या फेब्रुवारीत) आमचा डावा बॅक जखमी झाला. एकोणीस वर्षांचा पोरगा, आम्हीच युवा संघातून वर आणलेला. पडद्यावर ओळ आली : गुडघ्याचा लिगामेंट, आठ ते नऊ महिने. त्याचा करार जूनमध्ये संपत होता. मी वही उघडली. पगार, बरे होण्याचा काळ, शिवाय अशा दुखापतीनंतर या खेळात वेगाचे गुण कमी होऊ शकतात. वीसपैकी पंधरा असलेला वेग बारावर येईल, बॅक म्हणून संपला. आकडे स्वच्छ होते. "करार वाढवू नको. जूनमध्ये जाऊ दे त्याला," मी म्हणालो.

नातवाने माऊसवरचा हात काढला. "आबा, तुम्ही हे मला बघून म्हणताय की वहीत बघून?"

मला उत्तर देता आले नाही. आठवला एक टेम्पोवाला. अपघातात पाय मोडला, हप्ते थकले. फाईल माझ्या टेबलावर होती, आकडे असेच स्वच्छ होते, आणि गाडी ताब्यात घेण्याची टिपणी माझ्या अक्षरात आहे. तो कुबडी घेऊन शाखेत आला होता. सहा महिने मागत होता. नियमात बसत नव्हते हे खरे. पण मी त्याला खुर्चीही दिली नव्हती. एवढ्या कादंबऱ्या लिहिल्या, हा माणूस एकीतही येऊ दिला नाही.

आम्ही त्या पोराला दोन वर्षांचा करार दिला. चमत्कार वगैरे झाला नाही. तो परत आला तेव्हा त्याचा वेग खरोखरच बारावर होता. पण पास अचूक होते, जागेची जाण होती. नातवाने त्याला मधल्या फळीत, बचावाच्या पुढे उभे केले. 'तो गेला की त्याची जागा राखायची' या कामावर. त्याला दर सामन्यात दहापैकी सहा-सात गुण पडतात, वर्तमानपत्रांत त्याचे नाव येत नाही. आम्ही सध्या अकरावे आहोत. गोलपुढे दहा जण उभे करणाऱ्यांना कसे फोडायचे, ते अजून नीट जमलेले नाही. मैदान रुंद वापरून पाहतो आहोत, चौथा सामना झाला, सहा बाकी आहेत.

नातवाचे नऊ महिने मागच्या महिन्यात भरले. पहिल्या दिवशी मी मैदानाच्या कडेला कट्ट्यावर जाऊन बसलो, वही न घेता. तो पूर्ण जोर लावून पळत नाही, कोणी अंगावर आले की एक पाय मागे घेतो. हे जाईल की नाही, डॉक्टरही सांगत नाहीत. डावीकडे त्याच्या जुन्या जागेवर थर्मलमधल्याच कोणाचा तरी धाकटा मुलगा सुसाट पळत होता. हा मध्ये, थोडा मागे उभा राहिला.

घरी येताना मी विचारले, "तिथं उभं राहायला कोणी सांगितलं?"

"कुणी नाही. जमतंय का बघतोय," तो म्हणाला. "दहा मॅच होऊ द्या आबा, मग विचारा."