नाशिकची पेठ, कचेऱ्या आणि भाड्याचा कायदा

नाशिकच्या वाढीविषयी बोलताना आपण गोदावरीविषयी बोलतो, सिंहस्थाविषयी बोलतो, द्राक्षांविषयी आणि कारखान्यांविषयी बोलतो. शहरातल्या कचेऱ्यांविषयी मात्र सहसा कोणी बोलत नाही. वस्तुतः आपण कला शाखेचे विद्यार्थी उद्या जेथे बसून पोटापाण्याचा उद्योग करणार आहोत, ती जागा बहुधा कुठली तरी कचेरीच असणार. वकिलाची म्हणा, विमा कंपनीची म्हणा, बँकेची, वर्तमानपत्राची किंवा खाजगी शिकवणीची म्हणा. ही कचेरी शहराच्या एका भागातून दुसऱ्या भागात का जाते, आणि तिने मागे सोडलेल्या जागेचे पुढे काय होते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

मेन रोड, रविवार कारंजा, सराफ बाजार, भांडी बाजार हा नाशिकच्या जुन्या पेठेचा गाभा. येथील घरबांधणी वाड्यांची. रस्त्याच्या बाजूला दुकान, माडीवर पेढी किंवा वकिलाची बैठक आणि आतल्या चौकाभोवती मालकाचे व भाडेकरूंचे बिऱ्हाड, अशी सर्वसाधारण रचना. राहणे आणि व्यवसाय एकाच छपराखाली चालत. आज याच पेठेत फिरताना खालच्या मजल्यावर दुकान गजबजलेले आणि वरची माडी कुलूपबंद, पुढे झुकलेली, लाकडी टेकूंवर उभी, असे दृश्य जागोजागी दिसते. उलट शरणपूर रोड, कॅनडा कॉर्नर, कॉलेज रोड, गंगापूर रोड आणि मुंबई नाक्याच्या बाजूला व्यापारी संकुलांवर संकुले उभी आहेत.

हे असे का झाले, असे विचारले तर उत्तर ठरलेले असते : पेठेत रस्ते अरुंद आहेत, गाड्या लावायला जागा नाही. हे उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. त्याच अरुंद गल्ल्यांत सराफ आणि भांडीवाले आजही पाय रोवून उभे आहेत. आणि रस्ता अरुंद असल्यामुळे गिऱ्हाईक कमी होईल एक वेळ, पण छप्पर गळण्याचे कारण काय? त्यासाठी भाड्याच्या कायद्याचा इतिहास पाहावा लागतो.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शहरांकडे माणसांचा ओघ वाढला आणि बांधकामाच्या सामानाची टंचाई पडली. जागेची चणचण आणि भाडेवाढ यांपासून सामान्य भाडेकरूला संरक्षण मिळावे म्हणून भाडेनियंत्रणाचे कायदे झाले आणि पुढे १९४७ साली मुंबई भाडे नियंत्रण कायदा आला. हेतू निःसंशय चांगला होता. या कायद्यात ‘प्रमाण भाडे’ ही कल्पना होती. जागा १ सप्टेंबर १९४० रोजी ज्या भाड्याने दिलेली असेल ते तिचे प्रमाण भाडे, आणि ती त्यानंतर प्रथमच भाड्याने दिली असेल तर ते पहिले भाडे. त्याहून अधिक भाडे घेण्यास मनाई होती. राहत्या घरांप्रमाणेच दुकाने व कचेऱ्या यांनाही हे संरक्षण मिळाले. कायदा मुदतीचा होता, पण त्याची मुदत वारंवार वाढविली गेली आणि किरकोळ फेरफार सोडता तो अर्धशतक टिकला.

याचा परिणाम मालकाच्या बाजूने पाहा. चुना, लाकूड, गवंड्याची मजुरी, घरपट्टी या सर्वांचे भाव वाढले. उत्पन्न मात्र तेथेच राहिले. वाड्याची एक बाजू शाकारण्याचा खर्च वर्षभराच्या भाड्याहून अधिक होऊ लागला, तेव्हा मालकाने दुरुस्ती सोडून दिली. भाडेकरूच्या बाजूने पाहिले, तर इतक्या स्वस्त दराने दुसरी जागा मिळणे अशक्य. म्हणून गळक्या छपराखालीही त्याने जागा सोडली नाही. सोडलीच तर ‘पागडी’ घेऊन सोडली. पागडी घेणे त्या कायद्यान्वये गुन्हा असल्याने हा व्यवहार अंधारात होई. अशा रीतीने मालक दुरुस्ती करीना आणि भाडेकरू हलेना. पेठेतील माड्या पावसाने कुजल्या हे खरे, परंतु त्या कुजू देण्यात या हिशेबाचा वाटा मोठा होता.

पुढे १९७३ साली आणखी एक दुरुस्ती झाली. १ फेब्रुवारी १९७३ रोजी ज्यांच्या ताब्यात परवान्याने, म्हणजे ज्याला आपण ‘लिव्ह अँड लायसन्स’ म्हणतो त्या पद्धतीने जागा होती, त्यांना भाडेकरूचे हक्क मिळाले. ज्यांना हक्क मिळाले त्यांचे कल्याण झाले. पण जागा दिली की ती गेली, ही मालकांच्या मनातील धास्ती पक्की झाली. आजही कचेरीसाठी जागा बघायला गेल्यावर पहिला शब्द ऐकू येतो तो ‘११ महिन्यांचा करार’. त्यामागे नोंदणीचा जुना नियम आहे, तशी ही जुनी धास्तीही आहे.

आता विचार करा. भाड्याने देण्यासाठी इमारत बांधणे हा आतबट्ट्याचा धंदा ठरल्यावर बांधणाऱ्याने काय करावे? त्याने बांधून विकावे. महाराष्ट्रात १९६३ साली मालकी सदनिकांचा कायदा आणि १९७० साली अपार्टमेंट मालकी कायदा झाला. ‘ओनरशिप’ हा इंग्रजी शब्द तेव्हापासून मराठी माणसाच्या घरात आला. जी गोष्ट घराची तीच गाळ्याची. ज्याला कचेरी हवी त्याने गाळा विकत घ्यावा, अशी रीत पडली. असे बांधकाम करावयास मोकळी जमीन लागते, आणि ती पेठेत नव्हती, पश्चिमेकडे होती.

याच काळात शहराचे इतर धागेही पश्चिमेकडे व दक्षिणेकडे ओढले जात होते. सातपूर व अंबड येथे औद्योगिक वसाहती झाल्या, सिडकोने नवे नाशिक वसविले आणि १९८२ साली नाशिक महानगरपालिका स्थापन होऊन नाशिक रोड, देवळाली व सातपूर हे भाग एका कारभाराखाली आले. १९६९ च्या राष्ट्रीयीकरणानंतर बँकांच्या शाखा वाढल्या आणि नव्या वस्त्यांत पोहोचल्या. महापालिकेचे मुख्यालय मेन रोडवरील जुन्या इमारतीतून शरणपूर रोडवरील राजीव गांधी भवनात गेले. जेथे सरकारी टेबल तेथे अर्ज, आणि जेथे अर्ज तेथे वास्तुविशारद, सल्लागार व झेरॉक्सवाले यांची वस्ती होणारच.

१९९७ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने मुंबई कायद्यातील प्रमाण भाड्याच्या तरतुदी कालौघात अवाजवी व अन्याय्य झाल्या असल्याचा निर्णय दिला. त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यातील तीन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पहिली, भाड्यात दरसाल ४ टक्के वाढ करण्याची मुभा मिळाली. दुसरी, पागडीसारख्या रकमेची देवघेव कायदेशीर झाली. तिसरी गोष्ट सर्वांत दूरगामी आहे. बँका, सार्वजनिक उपक्रम, बहुराष्ट्रीय कंपन्या आणि १ कोटी रुपये किंवा त्याहून अधिक भरणा झालेले भागभांडवल असलेल्या कंपन्या यांना दिलेल्या जागांना हा कायदा लागूच नाही.

म्हणजे भाडेकरूंचे दोन वर्ग पडले. बँकेला बाजारभावाने भाडे द्यावे लागते आणि मुदत संपली की जागा सोडावी लागते. म्हणून मालक तिला आनंदाने जागा देतो आणि तिच्यासाठी रुंद रस्त्यावर नवी इमारतही बांधतो. पेठेतील लहान वकील, शिंपी, छापखानावाला यांचे संरक्षण मात्र कायम आहे. समजा, अशा एका माडीचे भाडे २००० साली महिना ५० रुपये होते. दरसाल ४ टक्के वाढ, तीही चक्रवाढीने धरली, तरी २५ वर्षांनी ते सुमारे १३३ रुपये होते. एवढ्या पैशांत एक कवाडही दुरुस्त होत नाही. तात्पर्य, नव्या कायद्याने मोठ्या कचेरीला मोकळे केले, पण पेठेतील कोंडी तशीच ठेवली.

ही कोंडी दर पावसाळ्यापूर्वी नव्याने उघडी पडते. महापालिका जुन्या नाशकातील धोकादायक वाड्यांना नोटिसा देते. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ अन्वये पडण्याच्या बेतात असलेली इमारत उतरविण्याचा हुकूम देता येतो, आणि ३० वर्षांहून जुन्या इमारतीची बळकटी तज्ज्ञाकडून तपासून घेणे कलम २६५-अ प्रमाणे आवश्यक आहे. नोटीस आली तरी भाडेकरू निघत नाही, यावरून त्याला हट्टी म्हणण्याची पद्धत आहे. पण त्याचे भय वेगळे आहे. वाडा पडला म्हणजे आपला हक्कही ढिगाऱ्याखाली गेला, असे त्याला वाटते.

कायद्याने तसे होत नाही, ही गोष्ट सर्वांना माहीत असावयास हवी. महाराष्ट्रातीलच एका दाव्यात २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला, की महापालिकेने इमारत पाडली एवढ्यानेच भाडेकरूचा हक्क संपत नाही. कारण भाडेपट्टा केवळ भिंतींचा नसतो, त्याखालील जमिनीशीही त्याचा संबंध असतो. तसेच मालकाने पाडून नवे बांधण्यासाठी जागा परत मागितली, तर मंजूर नकाशे व पुरेसा पैसा आपल्याजवळ असल्याची खात्री त्याला न्यायालयास पटवून द्यावी लागते, आणि नव्या इमारतीत परत येण्याचा आपला इरादा भाडेकरूला मुदतीत लेखी कळविता येतो. हक्क आहे, पण तो कागदावर मांडावा लागतो. आपल्याकडे असंख्य भाडेकरूंजवळ जुन्या भाडेपावत्यांपलीकडे कागद नसतो आणि पावतीवर जागेचे माप लिहिलेले नसते.

मग पुनर्विकास का होत नाही? त्याचा हिशेब एका कल्पित उदाहरणाने पाहू. समजा, वाड्याची जागा २०० चौरस मीटर आहे आणि चटई क्षेत्र निर्देशांक २ मिळाला, म्हणजे एकूण ४०० चौरस मीटर बांधता येते. भाडेकरूंना १६० द्यावयाचे, वाड्याच्या सहहिस्सेदारांना १००. उरले १४०, आणि तेवढेच विकून संपूर्ण ४०० चौरस मीटरचा खर्च भागवायचा. त्यातच जिना, उद्‌वाहन आणि वाहनतळ यांना जागा द्यावयाची. मोकळ्या जमिनीवर बांधणाऱ्याला यातील एकही अडचण नाही. शिवाय २ डिसेंबर २०२० पासून राज्याच्या बहुतेक भागास लागू झालेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत, दाट वस्तीबाहेर, रस्ता जितका रुंद तितके अधिक बांधकाम मिळू शकते. मोडकळीस आलेल्या भाडेकरूव्याप्त इमारतींना याच नियमावलीत जादा क्षेत्राची सवलत आहे. पण जागाच चिंचोळी असल्यास मिळालेले क्षेत्र प्रत्यक्ष बसवता येत नाही.

नदीकाठच्या पेठेचा प्रश्न आणखी कठीण. सप्टेंबर २००८ च्या महापुरात सराफ बाजार व भांडी बाजार पाण्याखाली गेले. पूररेषेच्या आत पुनर्बांधणी करावयाची तर तळमजला पुराच्या पातळीहून वर घ्यावा लागतो. रस्त्यावरून दोन पावलांत चढता येणारे भांड्यांचे दुकान जिना चढून गाठावे लागले, तर त्या दुकानाचे काय होईल, हे सांगावयास अर्थशास्त्राची पदवी नको.

या बाबतीत मुंबईशी तुलना उद्‌बोधक आहे. मुंबई बेटावरील जुन्या भाड्याच्या इमारतींसाठी १९६९ साली वेगळा कायदा होऊन दुरुस्ती मंडळ आले. तेथे उपकर घेतला जातो आणि त्यातून मंडळ दुरुस्ती करते. ती व्यवस्था निर्दोष आहे असे नव्हे, परंतु दार ठोठावण्यास एक कचेरी तरी आहे. नाशिकला भाडेकायदा तोच लागला, मंडळ मात्र मिळाले नाही.

कोणी म्हणेल, जुने जाऊ द्या, नवी संकुले आहेतच. पण त्यांचेही वय वाढते आहे. पहिल्या पिढीतील संकुलांत लहान लहान गाळे आणि प्रत्येकाचा मालक निराळा. कोणी शहरात, कोणी परदेशी, कोणाचे वारस अद्याप ठरलेले नाहीत. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या पुनर्विकासासाठी शासनाने ४ जुलै २०१९ रोजी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत किमान ५१ टक्के सभासदांच्या लेखी संमतीची तरतूद आहे. अपार्टमेंट कायद्याखालील इमारतीत मात्र प्रत्येकाचा अविभाज्य हिस्सा घोषणापत्रात ठरलेला असतो आणि तो पूर्वी सर्वांच्या संमतीशिवाय बदलता येत नसे. पेठेत मालक व भाडेकरू यांची जी कोंडी झाली, तीच उद्या येथे मालका-मालकांत होणार नाही कशावरून?

यावर उपाय एकच एक नाही. परंतु काही गोष्टी आजही करता येण्याजोग्या आहेत. वाडा उतरविण्यापूर्वी प्रत्येक भाडेकरूच्या जागेचे माप घेऊन, मालक व भाडेकरू दोघांच्या सह्यांनिशी त्याची यादी महापालिकेच्या दप्तरी राहावी. एकेक वाडा वेगळा न घेता लगतचे चार-सहा वाडे मिळून बांधावे, म्हणजे जिना, उद्‌वाहन आणि वाहनतळ यांचा भार वाटला जाईल. जादा बांधकामाची सवलत देताना तळमजल्यावरील जुन्या व्यावसायिकाला तेथेच जागा मिळाली की नाही, हे आधी पाहावे.

आणि विद्यार्थ्यांपुरते बोलायचे, तर आपल्यापैकी अनेकांच्या घरी अशी एखादी माडी, एखादा गाळा किंवा एखादी भाडेपावती आहे. तिच्यावर नाव कोणाचे, जागा किती, करार नोंदविलेला आहे की नाही, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवावे. परवाना-कराराची नोंदणी १९९९ च्या कायद्याने बंधनकारक केली आहे आणि तिची जबाबदारी मालकावर टाकली आहे, हेही त्यांना सांगावे. पुढचा पावसाळा येण्यापूर्वी एवढे काम सहज होण्यासारखे आहे.