शेवटच्या वर्षी काय शिकतात?

लेक कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे. सकाळी डबा घेऊन जाते, दिवेलागणीला परत येते. अंगावरच्या पांढऱ्या कोटाला डाग पडलेले. शेजारीण विचारते, "काय हो, एवढं काय शिकवतात तिला?" आई गप्प बसते. तिलाही ते ठाऊक नसते. चला, आज आपण ते समजून घेऊ.

बारावीनंतर विज्ञानाची पदवी साधारण तीन वर्षांत मिळते. २०२० सालच्या शिक्षण धोरणाने चार वर्षांची वाटही खुली केली आहे. पहिल्या वर्षी दोन-तीन विषय असतात. तिसऱ्या वर्षी एकाच विषयावर भर असतो. आपल्या लेकीचा विषय आहे रसायनशास्त्र.

तिला एक काम रोजच्या उपयोगाचे शिकवतात. विहिरीचे पाणी जड आहे का, ते तपासायचे. जड पाण्यात साबणाला फेस येत नाही, डाळ लवकर शिजत नाही. हे आपल्याला ठाऊक आहे. पण जड म्हणजे किती जड? ते मोजावे लागते.

ती काचेच्या चंबूत ५० मिलिलिटर पाणी घेते. त्यात रंगाची चिमूट टाकते. पाणी लालसर होते. वर उभी काचेची नळी असते, तिच्यावर आकडे असतात. तिच्यातले औषध ती थेंबथेंब सोडते. एका थेंबाला लाल रंग जाऊन निळा होतो. तिथेच थांबायचे! समजा, १५ मिलिलिटर औषध लागले. त्यावरून हिशेब निघतो, की लिटरभर पाण्यात ३०० मिलिग्रॅम जडपणा आहे. २०० पर्यंत असला तर उत्तम. दुसरे पाणीच नसेल, तर ६०० पर्यंत चालवून घेतात.

हे एकदा करून भागत नाही. आकडा जुळेपर्यंत पुन्हा पुन्हा करायचे आणि जर्नल नावाच्या वहीत लिहायचे. एखादा मुलगा कंटाळतो, शेजाऱ्याचा आकडा उतरवून घेतो. त्यात काय बिघडले, असे तुम्ही म्हणाल.

बिघडते, बरं का! जड पाण्याने डाळ शिजायला वेळ लागेल, एवढेच. पण पाण्यात नायट्रेटही असते. शेतातले जादा खत, शौचाचा खड्डा, उकिरडा यांतून ते विहिरीत झिरपते. पाणी दिसते नितळ. त्याला वास नाही, रंग नाही. उकळूनही ते जात नाही, उलट दाट होते. लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर गेले, तर तान्ह्या बाळाला धोका. अशा पाण्यात वरचे दूध कालवून पाजले, तर बाळाच्या रक्ताला प्राणवायू नीट वाहून नेता येत नाही. बाळ निळे पडते. आता सांगा, तिथे कोणी खोटा आकडा लिहिला तर?

म्हणून शेवटच्या वर्षाचा खरा धडा एकच. जे दिसले तेच लिहायचे. आकडा मनाजोगता नसला तरी तोच लिहायचा.

आज रात्री लेकीला म्हणा, "बाळ, तुझी वही दाखव." अक्षरे इंग्रजी असतील. असू देत. आकडे तर तुम्हाला आता वाचता येतात! आणि तिला विचारा, "आपल्या विहिरीचं पाणी कधी तपासायचं?"